दारात उभ्या गाडीची चोरी

ती घटना आजही डोळ्यांपुढं आली की मला आधी हसू येतं, आणि मग आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवरच्या एका स्टीलच्या डब्याकडं लक्ष जातं. डब्याचं शेवटी सांगतो. तपास आणि जेवण, दोन्हीत क्रम चुकला की चव जाते.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती. रात्रगस्तीची माणसं डायरीला नोंद करून घरी निघाली होती आणि बाकीचे ठाण्याच्या जीपला धक्का मारत होते. ही जीप धक्क्याशिवाय सुरू होत नसे, आणि एकदा सुरू झाली की ती बंद करायची कुणाची हिंमत होत नसे. तेवढ्यात फाटकातून एक जुनी, छोटी पांढरी गाडी आत आली, थांबायला हवं होतं त्याच्या बरीच पुढं गेली आणि लिंबाच्या पाराला टेकून उभी राहिली. आतून साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. घट्ट अंबाडा, पायात कापडी बूट. दार आपटून त्या थेट माझ्या टेबलापुढं आल्या.

"साहेब, माझी गाडी चोरीला गेली."

आमचे जमादार, म्हणजे ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार, कागद ओढून पुढं झाले. "कोणती गाडी, बाई? कुठून गेली?"

"ही काय, दारात उभी हाय ती."

जमादारांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ठाण्यात येणारा प्रत्येक माणूस आपलं दुःख बरोबर शब्दांत सांगेलच असं नसतं, म्हणून अशा वेळी मी आधी पाणी मागवतो. बाईंनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

"मला ऊन लागलेलं न्हाई, साहेब. डोकं ठिकाणावर हाय. नंबर माझाच हाय, पत्रा माझाच हाय. बाकी चाकापासून दिव्यापर्यंत समदं बदललंय. गाडी नेली आन् तिचं भूत ठिवलं माझ्या दारात."

बाई झरीच्या बाजूच्या एका गावच्या. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळं सगळं गाव त्यांना नर्सबाईच म्हणे. गावातली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हातावर जन्मलेली. त्यांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना गाव नाना म्हणायचं. निवृत्तीनंतर नानांनी परभणीच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी सेकंड हँड घेतली आणि तिच्यावर जीव लावला. सकाळचा चहा नंतर, आधी गाडी पुसायची. बाई गाडीला 'सवत' म्हणायच्या. पुढं नानांनीच कालव्याच्या रस्त्यावर त्यांना गाडी शिकवली, शिकवताना दोघं गावभर ऐकू जाईल असे भांडले, आणि बाई शिकल्या. मग कुणाची सून अडली, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, की बाई आणि सवत दोघी निघायच्या.

नाना अचानक गेले. बसल्या जागी छातीत कळ आली आणि संपलं. वर्ष होऊन गेलं होतं त्याला.

"मुलगा पुण्याला हाय," बाई म्हणाल्या. "एकटी राहू नको, माझ्याकडं ये, म्हनून मागं लागलाय. गाडी भंगारात दे म्हनतो. मी म्हनलं, गाडीला पंधरा वर्षं झाली, आता तिचं पासिंग हाय. ती पास झाली तर मी हितंच राहते. नापास झाली तर तुझ्या फ्लॅटात येऊन गप बसते. शब्द दिला मी त्याला. नानांनी जायच्या आधीच समदं सामान नवं टाकलं होतं, म्हनून दिला."

"मग?"

"मग काय! नापास."

पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी पुन्हा रस्त्यावर चालवायची तर आरटीओच्या साहेबांपुढं उभी करून तपासून घ्यावी लागते. आपल्याकडं त्याला सरळ पासिंग म्हणतात. बाईंनी मला तो सगळा प्रसंग सांगितला. "मी बाळंतीण तपासायची तसं त्यांनी गाडीला तपासलं, साहेब. बोलण्यात साखर, पर एक गोष्ट सोडली न्हाई." टायर गुळगुळीत. एक दिवा आभाळाकडं बघतो, दुसरा गटाराकडं. हॉर्न दाबला की घशाला सूज आल्यासारखा आवाज. वायपर काच पुसण्याऐवजी माखतो. हँडब्रेक पार छातीपर्यंत ओढला तरी गाडी उतारावर चालायला लागते. साहेबांनी दुरुस्त करून परत आणायची मुदत दिली होती आणि मुदत जवळ आली होती.

"गाडी चालवताना तुमच्या आधी लक्षात आलं नाही?"

बाई म्हणाल्या, "वर्षभर झाकूनच ठिवली होती. मागच्या महिन्यात काढली. चालत न्हवती नीट. पर मला वाटलं, मालक गेला म्हनून रुसली असंल."

जमादारांनी मान खाली घातली. मीही टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. पण बाईंना आमची कीव नको होती, गुन्हा दाखल व्हायला हवा होता. चोर कोण म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ते तुमी शोधा. मी बाळंतिणीला कधी इचारलं न्हाई, पोर कसं काढू म्हनून."

मी त्यांचा तक्रारी अर्ज घेतला, पोच दिली आणि चौकशीला येतो म्हणून सांगितलं. बाईंनी गाडी मागं घेताना पाराचा आणखी एक दगड सैल केला.

दुसऱ्या दिवशी गावात जाऊन गाडीचा पंचनामा केला. पंच म्हणून गावचे पोलीस पाटील आणि शाळेतले एक गुरुजी. नर्सबाई ओट्यावर बसून आमच्याकडं असं बघत होत्या, जणू परीक्षा आमचीच होती. मला गाडीतलं बेताचंच कळतं, पण डोळे होते. चार चाकांना चार घरची टायरं. दोन दिव्यांच्या काचा वेगवेगळ्या रंगाच्या, एक दुधी, एक पिवळट. वायपरची एक काडी दुसरीपेक्षा बोटभर आखूड. म्हणजे चोरानं नुसतं काढून नेलं नव्हतं, काढलेल्या जागी काहीतरी बसवून ठेवलं होतं. इतका समजूतदार चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. घरफोडी करणारा जाताना दाराला नवी कडी लावून गेला, असं कधी ऐकलंय?

मग मी हॉर्न दाबला. बाईंनी सांगितला होता तसाच आवाज आला आणि पोलीस पाटलांनी खिशातली दस्ती काढून कपाळ पुसलं. हवा गार होती. मी त्यांना विचारलं, "पाटील, आज पायी आलात? तुमची गाडी कुठं?" पाटील म्हणाले, "चालणं चांगलं असतं, साहेब. डॉक्टरनं सांगितलंय." गुरुजींनी घाईघाईनं सही केली आणि वर्ग उघडा पडलाय म्हणून निघून गेले. त्या दिवशी रविवार होता.

एवढं झाल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकलीच. आणि अजून एक गोष्ट होती. त्या गावात याच जातीच्या गाड्या बऱ्याच होत्या. आपल्याकडं एकानं तुरीचं जे बियाणं आणलं तेच सगळं शिवार पेरतं, गाड्यांचंही तसंच. नानांनी घेतली, मग किराणावाल्यानं घेतली, मग गुरुजींनी, पाटलांनी, दूध डेअरीवाल्यानं. वयानं सगळ्या मागं-पुढं.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. एका अनोळखी बाईचा आवाज होता.

"साहेब, नर्सबाईंच्या गाडीचा चोर शोधू नका. सापडायचा न्हाई."

"का?"

"असंल तर सापडंल ना. फाट्यावरच्या मिस्त्रीला इचारा. पर त्याला हात लावू नका, लय भित्रा माणूस हाय."

"आपण कोण बोलताय?"

फोन बंद. जमादार शेजारीच कान देऊन उभे होते. म्हणाले, "साहेब, मागं पत्र्यावर हातोडा वाजायलाय असं वाटलं." मी म्हणालो, "जमादार, आपल्याला काही ऐकू आलं नाही." खबर देणाऱ्याचं नाव पोटात ठेवायचं, हा पहिला नियम. खबर देणारी संशयिताचीच बायको असेल तर तो नियम दुप्पट पाळायचा.

मिस्त्रीला बोलावलं. फाट्यावर पत्र्याचं शेड टाकून तो आसपासच्या गावांच्या गाड्या दुरुस्त करायचा. सुकलेला, सदा ऑईलनं माखलेला माणूस. माझ्यासमोर खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि काहीच बोलेना. हो म्हणेना, नाही म्हणेना. जमादारांनी आवाज चढवला तसा तो आणखी आत गेला, गोगलगाय जाते तसा.

चौकशीत मला एक गोष्ट लवकर कळली होती. माणसाचे हात रिकामे असले की त्याला सगळी भीती आठवते. हातात त्याचं रोजचं काम दिलं की तोंड सैल सुटतं. मी म्हणालो, "मिस्त्री, ते चोरीचं राहू द्या. आमची जीप धक्क्याशिवाय सुरू होत नाही. जरा बघता का?"

त्याचा चेहराच बदलला. टोपी डोक्यावर गेली, पान्हे आले आणि मिस्त्री जीपखाली सरकला. मी बाजूला स्टूल टाकून बसलो. त्याचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. माझ्या नोकरीतली ही एकच चौकशी, जिच्यात मी संशयिताच्या तळव्यांशी बोललो.

"साहेब, ह्या जीपला तुमी मारून टाकायलात," आतून आवाज आला.

"असू दे. नर्सबाईंच्या गाडीचं काय झालं?"

त्यानं एक नट सोडवला. मग म्हणाला, "चोरी न्हाई साहेब. पासिंगपुरतं नेलेलं सामान हाय."

आणि मग सगळं बाहेर आलं. लग्नात एकच कोट जसा भावकीभर फिरतो, तसं त्या गावात गाडीचं चांगलं सामान फिरत असे. ज्याच्या गाडीचं पासिंग, त्यानं ज्याचं टायर बरं असेल त्याचं टायर लावायचं, ज्याचा दिवा बरा त्याचा दिवा, आणि काम झालं की परत करायचं. नानांनी आपल्या गाडीला सगळं नवं सामान टाकलं, तेव्हा नेमकी चौघांच्या गाड्यांची पासिंगची वेळ आली. नाना मनाचे मोठे. "आपल्या गाडीला अजून टाइम हाय, न्या," म्हणाले. चाकं किराणावाल्याच्या गाडीला गेली, दिवे गुरुजींच्या, वायपर डेअरीवाल्याच्या आणि हॉर्न पोलीस पाटलांच्या. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. हे सगळं मिस्त्रीच्या शेडमध्ये झालं, कारण सामान उसनं दिलेलं बाईंना खपत नसे.

"आन् चारच दिसांनी नाना गेले, साहेब. गाडी माझ्या शेडात उघडीनागडी उभी. मी हाय ते जुनं बसवलं आन् गुपचूप त्यांच्या दारात लावून आलो. बाईंना कसं सांगू? त्या तिकडं रडायल्या."

"मग नंतर का नाही परत केलं?"

जीपखालचे पाय एकमेकांवर घासले गेले. "सुतकाच्या घरात टायर घेऊन कसं जावं, साहेब? तेरावं झालं, मग म्हनलं वर्षश्राद्ध होऊ द्या. नानांचं सामान बघून बाईंला परत रडू यायचं. आन् वर्ष झाल्यावर तर तोंडच ऱ्हायलं न्हाई. एवढा टाइम ठिवलं का म्हनल्या तर?" मग तो म्हणाला, "जो तो म्हनतो, पहिलं त्यानं द्यावं, मग मी देतो."

मला राग यावा की हसू, ते कळेना. चांगुलपणानं चौघांना चोर करून ठेवलं होतं. पण रागाचंही कारण होतंच. गुरुजी त्याच गाडीतून पोरांना क्रीडा स्पर्धेला नेत होते. "आणि तुम्हा लोकांना कळत नाही, उसन्या चाकावर पास झालेली गाडी सामान परत केल्यावर काय करते?" मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "दिवा, हॉर्न, टायर हे साहेबांना दाखवायला असतात का?"

जीपखालचे पाय आणखी आत सरकले.

मग मी तपासातला नेहमीचा प्रश्न विचारला. "सामान नानांचंच, हे ओळखायचं कसं? ते चौघं म्हणतील आमचंच आहे."

"म्हनू द्या. नाव हाय त्याच्यावर."

"कुणाचं?"

"बाईंचं. बाजारात ते भांड्यावर नाव घालणारे बसत्यात ना मशीन घेऊन, त्यांच्याकडनं नानांनी समद्या सामानावर नाव घालून घेतलं होतं. ठिपक्या ठिपक्यांचं. आतल्या अंगाला, दिसू नये असं."

"बाईंना माहीत आहे?"

"न्हाई. नाना म्हनले होते, पासिंगच्या दिवशी दाखवीन. ती हिला सवत म्हनती, बघू मग काय म्हनती."

मी स्टुलावरून उठलो. लिंबाखाली दोन फेऱ्या मारल्या. परत आलो तेव्हा जीप धक्क्याविना सुरू झाली होती आणि ठाण्यातली माणसं टाळ्या वाजवत होती.

आता माझ्यापुढं प्रश्न होता. गुन्हा दाखल केला असता तर पोलीस पाटलांपासून डेअरीवाल्यापर्यंत सगळे आरोपी झाले असते आणि सामान मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून राहिलं असतं. बाईंची मुदत तोवर संपली असती. गाडी नापास, बाई पुण्याला. शिवाय गाव त्यांच्या बाजूनं राहिलं नसतं ते वेगळंच. कायदा चोरीसाठी लबाडीचा हेतू मागतो, आणि या चौघांकडं लबाडी सोडून बाकी सगळं होतं. अर्ज निकाली काढायला तेवढं मला पुरे होतं.

मी चौघांना ठाण्यात बोलावलं. पाटील आल्याबरोबर म्हणाले, "साहेब, मीच सांगणार होतो."

"कधी? दुसऱ्या वर्षश्राद्धाला?"

त्यांना सांगितलं की सामान उद्या सकाळी बाईंच्या दारात पोचलं पाहिजे, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं द्यायचं, आणि आपापल्या गाड्यांना स्वतःचं नवं सामान लागेपर्यंत एकही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. दिसली तर दंडाची पावती मी स्वतः फाडीन. एवढ्यावर सुटलो म्हणून त्यांचे चेहरे खुलले. फक्त गुरुजी अडखळत म्हणाले, "पण बाईंना काय सांगायचं?"

"जे आहे ते. पोरांना शिकवता ना, खरं बोलावं म्हणून?"

सकाळी मी आणि जमादार बाईंच्या ओट्यावर आधीच जाऊन बसलो होतो. बाईंना मी एवढंच म्हणालो होतो की माल सापडलाय. त्या कमरेला पदर खोचून तयारीत होत्या. चोराला दोन शब्द ऐकवायचं त्यांचं ठरलं होतं.

गल्लीच्या तोंडाला मंडळी दिसली आणि माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. आपल्याकडं शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून देतात. रात्री चौघांच्या घरात बायकांनी ठरवलं होतं की नर्सबाईंच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही. पुढं किराणावाला आणि त्याची तीन पोरं एकेक चाक लोटत होते, आणि त्याची बायको चाकांवरच्या चार स्टीलच्या टोप्या ताटासारख्या घेऊन चालली होती, चारी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेल्या. गुरुजींच्या दोन्ही दिव्यांवर गुळाच्या ढेपा. डेअरीवाल्यानं वायपरच्या काड्यांना खव्याची पुडी बांधली होती. पोलीस पाटलांनी हॉर्न नव्या टॉवेलात गुंडाळून आणला होता आणि वर नारळ. सगळ्यांच्या मागं मिस्त्री आणि त्याची बायको.

बाई बघतच राहिल्या. "हे काय? माझी चोरी का माझं डोहाळजेवण?"

मग चौघांनी आळीपाळीनं कबुली दिली. पाटील म्हणाले, "बाई, लाज वाटायली होती म्हनून आलो न्हाई." बाईंचा पारा चढत चालला होता. "मी मेले होते का? नाना गेले, मी तर हितंच होते ना! एवढं वर्ष माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवलं, ते ह्याच्यामुळं? मला वाटलं, गरज सरो आन् वैद्य मरो. गावाला माझी गरज संपली, असं वाटलं मला!"

हे ऐकून किराणावाल्याची बायको रडायलाच लागली. "न्हाई ओ बाई. माझं पहिलं पोर तुमच्या हातावर झालं." आणि तिनं पुढं होऊन शेंगांची पहिली टोपी बाईंच्या हातात दिली.

भांडं आलं की आधी ते रिकामं करायचं, हे हाताला सवयीचं. बाईंनी रागारागातच सूप ओढलं, टोपी पालथी करून शेंगा ओतल्या आणि टोपी खाली ठेवणार, तोच त्यांचा हात थांबला. आतल्या अंगाला ठिपक्यांची अक्षरं होती. ताटावर, तांब्यावर असतात तशीच. त्यांनी टोपी डोळ्यांजवळ नेली. मग दुसरी टोपी ओतली, मग तिसरी. मग दिवा उलटा केला. हॉर्न टॉवेलातून काढला. सगळ्यावर त्यांचंच नाव, पुढं 'सौ.' लावलेलं.

मिस्त्री पुढं होऊन म्हणाला, "नाना म्हनले होते, पासिंगच्या दिवशी दाखवीन."

बाई हॉर्न मांडीवर घेऊन खाली बसल्या. मला वाटलं, आता रडतील. डोळे भरलेच होते त्यांचे, पण त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग अंग गदगदेपर्यंत. "बघा या माणसाचं! जन्मभर मी हिला सवत म्हनले, आन् हा सवतीच्या अंगाअंगावर माझं नाव घालून बसला!" त्यांचं हसू बघून बाकीचे हसले, जमादार हसले, मीही हसलो, आणि डोळे पुसायला पाटलांचा नवा टॉवेल सगळ्यांना पुरला.

तेवढ्यात मिस्त्रीची बायको मला म्हणाली, "साहेब, त्याला हात न्हाई लावला, बरं झालं." आवाज ओळखीचा होता. मी म्हणालो, "ताई, आपण आज पहिल्यांदाच भेटतोय." तिनं पदर तोंडाला लावला.

बाईंनी अर्ज मागं घेतला, पण चौघांना सोडलं नाही. मिस्त्रीनं त्यांच्या अंगणातच गाडी उघडली. सामान चढवलं, दिवे भिंतीवर प्रकाश टाकून सारखे केले, हँडब्रेकची तार बदलली. बाई बाजूला मुढ्यावर बसून चौघांना शेंगा सोलायला लावत होत्या आणि सुनावत होत्या, "उसन्या टायरावर लेकरं बसवता? गुरुजी, पोर जन्माला घालायला किती त्रास होतो ते मला इचारा." गुरुजी मान खाली घालून सोलत होते.

पासिंगच्या दिवशी मी परभणीला काम काढून गेलो. वर्दी नव्हती घातली, उगाच आरटीओच्या साहेबांवर दडपण नको. बाई स्वतः गाडी चालवत आल्या. मागच्या सीटवर मिस्त्री होता, आणि भाड्याच्या एका गाडीत बसून आलेले ते चौघं भिंतीलगत उभे होते, बारावीच्या निकालाला उभे राहतात तसे. साहेब शांत माणूस. त्यांनी दिवे बघितले, टायरवर बोट फिरवलं, वायपर चालवला. हॉर्न दाबला तेव्हा तो असा खणखणीत वाजला की पोलीस पाटलांनी छाती पुढं काढली. उतारावर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली. गाडी जागची हलली नाही. आम्हीही नाही.

साहेबांनी सही केली. "मावशी, गाडी चांगली ठेवलीय. कोण बघतं हिचं?"

बाई म्हणाल्या, "मालक बघतात."

मग त्यांनी तिथंच उभं राहून पुण्याला फोन लावला. "ऐक. ती खोली माझ्यासाठी मोकळी केली होतीस ना? तिथं तुझा कॉम्प्युटर ठेव. मी येत न्हाई." तिकडून मुलगा काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बाईंनी फोन ठेवला तेव्हा त्या लाजल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "म्हनतो, मग गाडीतनं मला घ्यायला सेलूच्या टेसनला ये."

खात्यात असताना मी लोभ शोधायला शिकलो होतो. कुणाला काय हवं होतं, हे सापडलं की गुन्हा उलगडतो. या प्रकरणानंतर मी आणखी एक गोष्ट शोधायला लागलो, ती म्हणजे लाज. कितीतरी भांडणं, अबोले, एवढंच काय भावाभावांच्या फौजदाऱ्या मी नंतर पाहिल्या, ज्यांच्या मुळाशी वेळेवर परत न केलेलं काहीतरी आणि ते परत करायची लाज एवढंच होतं. अशा वेळी दम देऊन काही होत नाही. दोन्हीकडच्यांना एका ओट्यावर बसवावं आणि मध्ये शेंगा ठेवाव्यात. निम्मी प्रकरणं तिथंच मिटतात.

आता डब्याचं. मी निवृत्त होऊन परभणीत राहतो. मागं एकदा नर्सबाई दवाखान्यात कुणाला तरी घेऊन आल्या होत्या, जाताना आमच्याकडं डोकावल्या आणि तिळाच्या लाडवांचा डबा देऊन गेल्या. लाडू संपले. बायकोनं डबा घासायला घेतला आणि मला हाक मारली. डबा कोरा करकरीत, नवा घेतलेला. बुडाशी ताज्या ठिपक्यांत नाव घातलं होतं. मला वाटलं बाईंचंच असेल. नानांचं होतं.

बायको म्हणते, असा डबा रिकामा देता येत नाही. काय घालून द्यावं यावर आमचं एकमत होईना. पुरणपोळ्या मला कमी वाटतात, पेढे तिला परके वाटतात. दिवाळी येऊन गेली, संक्रांत गेली. डबा अजून आमच्याच फळीवर आहे, आणि परवा नर्सबाईंची गाडी चौकात दिसली तेव्हा मी झटकन पानाच्या टपरीमागं सरकलो. त्यांनी मला पाहिलं होतं. हॉर्न असा खणखणीत वाजला की टपरीवाल्याच्या हातातलं पान खाली पडलं.